सेन्सरचे नेटवर्क आषाढातल्या रात्रीसाठी घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुलावर पाणीपातळी मोजणारा सेन्सर, वाडीवर भोंगा, कलमांच्या बागेत हवामान केंद्र, घरोघरी स्मार्ट मीटर. जोडलेल्या उपकरणांची ही भाषा आता कोकणातल्या ग्रामसभांपर्यंत पोहोचली आहे. सोबत एक समजही आला आहे, की ५जीचा टॉवर उभा राहिला की ही सगळी यंत्रे आपोआप बोलू लागतील. हा समज खरेदीच्या कागदांत उतरू नये, म्हणून हे पत्र.

५जी देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले. त्याचा मोठा भाग ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतो. तिथे वेग भरपूर मिळतो, पण डोंगराआड आणि दाट झाडीत ही लहर फार आत शिरत नाही. एका चौरस किलोमीटरमध्ये १० लाख उपकरणे हे ५जीचे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट. आपल्या वाडीत घरे असतात चाळीस. आपली अडचण गर्दीची नाही, घळीची आहे. पुलाखालच्या सेन्सरला चित्रफीत पाठवायची नसते. पाणी किती आणि बॅटरी किती, एवढे बाराएक बाइट त्याने पाठवले की झाले. मात्र ते उभ्या पावसात, लाइट गेलेली असताना, दरीच्या तळातून पोहोचले पाहिजेत.

याला दोन रस्ते आहेत. पहिला मोबाइल कंपनीचाच, एनबी-आयओटी, म्हणजे छोट्या यंत्रांच्या छोट्या निरोपांसाठीचे मोबाइल तंत्र. तो अवघ्या १८० किलोहर्ट्झची चिंचोळी वाट वापरतो आणि रेंज क्षीण असेल तिथे तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवून पोहोचवतो. जितक्या वेळा पाठवावे तितकी बॅटरी लवकर उतरते. माहितीपत्रकातली ‘दहा वर्षांची बॅटरी’ चांगल्या रेंजमधली असते, घळीतली नव्हे. शिवाय फोनला रेंज आहे म्हणजे त्या टॉवरवर एनबी-आयओटी सुरू आहेच असे नाही. जागेवर उपकरण नेऊनच तपासावे.

दुसरा रस्ता लोरावॅनचा, म्हणजे थोड्या विजेवर छोटे निरोप लांबवर पाठवणाऱ्या रेडिओ पद्धतीचा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवान्याविना वापरता येतो, ट्रान्समीटरची शक्ती १ वॅटपर्यंत. ग्रामपंचायत स्वतःचा गेटवे, म्हणजे सेन्सरांचे निरोप गोळा करून पुढे पाठवणारे यंत्र, बसवू शकते, म्हणून कोकणासाठी मला हाच रस्ता अधिक भरवशाचा वाटतो. पण फसगत इथेही होते. युरोपसाठी बनवलेले सेन्सर ८६८ वर बोलतात आणि आपल्याकडच्या गेटवेचे कान ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ या मूळ वाहिन्यांवर असतात. दिवा लुकलुकतो, डबा नवा कोरा असतो आणि निरोप एकही येत नाही. मागणीपत्रात ‘आयएन८६५’, म्हणजे भारतातल्या वाहिन्यांची खूण, असे स्पष्ट लिहावे.

गेटवेची जागा हा सगळ्यात नाजूक भाग. सडा, म्हणजे जांभ्याचे पठार, उंच आणि मोकळा, म्हणून लोक सड्याच्या मधोमध खांब रोवतात. तिथून समोरचा डोंगर दिसतो, पण सड्याच्या पायथ्याची वाडी जांभ्याच्या कडेआड झाकली जाते. खांब कड्याच्या काठाशी हवा, किंवा पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडच्या उतारावर दुसरा गेटवे हवा. नुसते दिसून भागत नाही. ५ किलोमीटरच्या पल्ल्यात मधोमध त्या दृष्टिरेषेभोवती सुमारे १२ मीटर मोकळीक लागते. एप्रिलमध्ये निष्पर्ण असलेले साग जुलैत ओल्या पानांची भिंत होतात. जागा चुकली तर सेन्सर स्प्रेडिंग फॅक्टर ७ वरून १२ वर जातो; हा आकडा वाढला की निरोप लांब पोहोचतो, पण सावकाश जातो. १२ बाइटांचा जो निरोप ६२ मिलिसेकंदांत जायचा, त्याला जवळजवळ दीड सेकंद लागतो आणि ट्रान्समीटर प्रत्येक वेळी चोवीसपट वेळ चालू राहतो. बॅटरी तिथे संपते.

‘पावसाने रेंज गेली’ असे सर्रास म्हटले जाते. या पट्ट्यात पावसाच्या धारांनी होणारी घट नगण्य असते. रेंज जाते ती अँटेनाच्या जोडात शिरलेल्या पाण्याने आणि खाऱ्या हवेने गंजलेल्या कनेक्टरने. जोडावर स्वतःला चिकटणारी रबर टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे पागोळीचे पाणी थरांत शिरत नाही. केबल डब्यात जाण्यापूर्वी खाली झोळ द्यावा. आरजी-५८ ही बारीक केबल १० मीटर टाकली तर साधारण ५ डेसिबल, म्हणजे दोन तृतीयांश शक्ती केबलमध्येच जिरते. गेटवे अँटेनाशेजारी खांबावरच बसवावा. विजेचा धोका तर आहेच, आणि उन्हाळ्यात कोरडा पडलेला जांभा अर्थिंगला दाद देत नाही. एकाच सळईवर न थांबता तीन-चार सळया बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून एकमेकींना जोडाव्यात आणि प्रतिरोध मे महिन्यात मोजावा.

आता वीज. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत लाइट यायला आठवडे लागले. ५ वॅटच्या गेटवेला दिवसाला १२० वॅट-तास लागतात, तीन दिवसांचे ३६०. म्हणून १२.८ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी. मेच्या उन्हाच्या हिशेबाने ४० वॅटचे सौर पॅनेल पुरेसे वाटते. जुलैच्या मळभात दिवसाला दोन तासांइतकेच भरघोस ऊन धरावे, म्हणजे निदान १०० वॅटचे पॅनेल लागते. गेटवे ज्या मोबाइल सिमवरून पुढे बोलतो त्याचीही गोष्ट हीच. दोन कंपन्यांची दोन सिमे घेतली तरी दोघींची यंत्रे एकाच टॉवरवर, एकाच जनरेटरवर असू शकतात. त्यामुळे धोक्याची पातळी ओलांडली की भोंगा वाजवण्याचा निर्णय गेटवेजवळच्या छोट्या सर्व्हरवरच व्हायला हवा, पुण्या-मुंबईच्या सर्व्हरवर नव्हे.

भोंगा लोरावॅनच्या ‘क्लास सी’चाच, म्हणजे सतत ऐकत राहणारा, मागावा. ‘क्लास ए’चे उपकरण स्वतः निरोप पाठवल्यानंतर एक-दोन सेकंदच ऐकते, मग झोपते. ते तासाने एकदा बोलत असेल तर इशारा तासभर त्याच्या दाराशी थांबून राहील. सेन्सरला हे चालते, भोंग्याला नाही.

पुलाखाली ध्वनिलहरींचा स्वस्त सेन्सर लावला जातो. त्याच्या तोंडाशी कोळी जाळे विणतो, कुंभारीण मातीचे घर बांधते आणि पाणी खाली असतानाही भरल्यासारखे दिसते. उन्हात डबा हवेपेक्षा १० अंशांनी तापला तर ८ मीटर अंतरात सुमारे १४ सेंटीमीटरची चूक होते. रडारचा सेन्सर महाग आहे, पण त्याला ही तापमानाची बाधा होत नाही. आणि खाडीजवळच्या एका आकड्यावर विसंबू नये. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली होती. वरच्या अंगाला एक सेन्सर आणि खाडीच्या बाजूला एक, दोन्ही हवेत. एरवी १५ मिनिटांनी एक नोंद पुरते, पाणी झपाट्याने चढू लागले की ५ मिनिटांनी.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी मागत नाही, ती म्हणजे प्रत्येक उपकरणाची १२८ बिटांची किल्ली, म्हणजे सर्व्हरला त्याची ओळख पटवणारा गुप्त आकडा. ती ठेकेदाराकडेच राहिली तर करार संपल्यावर तेच सेन्सर दुसऱ्याच्या सर्व्हरला जोडता येत नाहीत आणि ते पुलाखाली मुके लोंबत राहतात. हस्तांतराच्या दिवशी किल्ल्यांची यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरी मागून घ्यावी.

जिल्हा प्रशासनाला आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे की अशा यंत्रणेचे अंतिम देयक डिसेंबरच्या कोरड्या दिवशी पाहणी करून देऊ नये. जुलैतल्या एका पावसाळी रात्री गेटवेची लाइन तोडावी, सिम काढून ठेवावे, पुलावरच्या सेन्सरखाली फळी धरून पाणी चढल्याची नोंद घडवावी. ती नोंद झाल्यापासून वाडीवरचा भोंगा पाच मिनिटांत वाजला तरच सही करावी.

आपला,
चिपळूण तालुक्यातील एक वाचक