माझी चार मिनिटे आणि त्यांचे ‘वैयक्तिक मत’

मा. माहिती व प्रसारण मंत्री महोदय,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी पोस्टमनने मला एक लखोटा आणून दिला. एका सरकारी नभोवाणी केंद्रावरून झालेल्या एका विधानाविरुद्ध मी तक्रार केली होती, तिला आत दीड ओळीचे उत्तर होते : ‘आपली तक्रार नोंदविण्यात आली असून संबंधित विधान हे वक्त्याचे वैयक्तिक मत आहे.’ खाली वाचता न येणारी सही आणि वाचता येणारा शिक्का. या दीड ओळीसाठी मी पाच महिने थांबले, तीन स्मरणपत्रे पाठविली आणि ‘पंधरा दिवसांत सविस्तर लेखी उत्तर देतो’ हा दूरध्वनीवर मिळालेला शब्द खरा मानला. तो शब्द पाळला गेला नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याला आणि उघड लिहीत आहे.

मी पलूस तालुक्यातील भिलवडी येथे राहते. एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाले. गेल्या पावसाळ्यात एका सरकारी नभोवाणी केंद्राने मला महापुराच्या आठवणींवर दहा मिनिटांचे भाषण देण्यासाठी बोलाविले. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याचा जाच तेथील हंगामी निवेदकांना होईल, कात्री चालविणाऱ्यांना होणार नाही. नियमाप्रमाणे मी संहिता आधी पाठविली, ती मंजूर झाली, करारावर सही झाली आणि एक शब्दही न बदलता ध्वनिमुद्रण झाले. प्रसारणाच्या सकाळी आमच्या सोप्यात आळीतल्या अकरा बायका चहाचे कप हातात धरून बसल्या होत्या. सहाव्या मिनिटाला माझे वाक्य अर्ध्यात थांबले, सतार वाजली आणि निवेदिकेने माझे आभार मानले. शेजारच्या काकूंनी विचारले, “बाई, संपलं व्हय?” त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही.

गेलेल्या चार मिनिटांत मी काय बोलले होते? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, आणि त्याच आठवड्यात, ७ ऑगस्टला, शासनाचा निर्णय निघाला की दोन दिवसांहून अधिक काळ क्षेत्र पाण्याखाली असेल तरच १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मोफत मिळतील. तेव्हा माझ्या सासूबाईंनी विचारले होते, “दोन दिवस घरात ऱ्हायल्याचा दाखला पाण्याकडनं आणायचा व्हय?” शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांची आणि आमदारांची छायाचित्रे असलेले स्टिकर लागले, त्याचाही उल्लेख मी केला होता. जवळच्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटून माणसे गेली. सरकारी बोटी वेळेवर आल्या असत्या तर ती बोट तशी भरली गेली नसती, असेही मी म्हटले होते. यातील एकही गोष्ट मी शोधून काढलेली नाही, सर्व त्या वेळच्या वर्तमानपत्रांत छापून आलेले आहे. दूरध्वनी केला तेव्हा उत्तर मिळाले की तो भाग ‘आक्षेपार्ह’ वाटला. कोणाला वाटला, असे विचारले तर म्हणाले, ‘वरून’.

महोदय, इथवर मी गप्प बसले असते. शिक्षकाच्या नोकरीत गप्प बसण्याचा सराव पुष्कळ होतो. परंतु तीन आठवडे गेले नाहीत तोच त्याच केंद्रावर शेतीविषयक कार्यक्रमात आलेल्या एका पाहुण्यांनी हसत हसत सांगितले की नदीकाठच्या लोकांना दरवर्षी पूर यावा असेच वाटते, कारण पंचनाम्याचे पैसे हातात पडतात, आणि फुकटची भांडी घ्यायला बायाच सर्वांत पुढे असतात. निवेदकही हसले. हे वाक्य कापले गेले नाही, आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाचे पुनःप्रसारण झाले तेव्हाही जसेच्या तसे वाजले.

त्या पुरात मी दोन रात्री शाळेच्या गच्चीवर काढल्या. सासूबाई तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर नेले. पाणी उतरल्यावर घरात शिरले तेव्हा दिवंगत पतींनी चाळीस वर्षांत जमविलेली पुस्तके फुगून कपाटात अशी घट्ट बसली होती की ती पहारीने काढावी लागली. ग्रामीण भागासाठी जाहीर झालेले १०,००० रुपये मिळाले, नाही असे नाही. त्यातील बरेचसे गाळ काढण्यात आणि वायरिंगमध्ये गेले. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले. अशा घरातल्या बाईने नभोवाणीवर ऐकायचे की तिला पूर हवासा वाटतो, आणि तक्रार केली की समजून घ्यायचे, ते ‘वैयक्तिक मत’ आहे! मग माझे मत काय ग्रामपंचायतीचे होते?

त्या पाहुण्यांचे तोंड बंद करा, अशी माझी मागणी नाही, आणि हे मी स्पष्ट नोंदवून ठेवते. त्यांना बोलू द्यावे आणि समोर बसून उत्तर देण्याची संधी आम्हाला द्यावी, एवढेच मला हवे होते. आकाशवाणीच्या प्रसारण संहितेत केंद्र वा राज्य सरकारवरील वैरभावाची टीका वर्ज्य आहे, तशीच समाजगटांवरील चिखलफेक आणि बदनामीही वर्ज्य आहे. एकाच कागदावरील दोन कलमांपैकी एक रोज वाचायचे आणि दुसऱ्यावर चहाचा कप ठेवायचा, ही कोणती रीत? आपल्याच मंत्रालयाच्या केबल टीव्ही नियमांनुसार भाषिक वा प्रादेशिक गटांची कुचेष्टा करणारे कार्यक्रम खासगी वाहिन्यांना दाखविता येत नाहीत. जे खासगी दुकानाला निषिद्ध, ते सरकारी दुकानात चालते काय? अर्थात त्या वाहिन्यांवर रोज रात्री काय चालते, हे सांगायला मी कशाला हवी? त्यांच्या स्वनियमन संस्थेच्या एक लाख रुपयांच्या दंडाने काही साधत नाही, असे ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावे लागले.

हे आजच्याच सरकारचे पाप आहे, असेही मी म्हणणार नाही. १९५२ पासून दहा वर्षे आपल्या खुर्चीत बसलेले बाळकृष्ण केसकर आमच्याच महाराष्ट्रातले. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार केली आणि सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला. आणीबाणीत किशोर कुमारांनी सरकारी कार्यक्रमाला नकार दिला, तर त्यांची गाणी वाजेनाशी झाली. २०१७ च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे भाषण बदल केल्याशिवाय प्रसारित होणार नाही, असे कळविले गेले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आकाशवाणी-दूरदर्शनवरील पक्षांच्या भाषणांतून मार्क्सवादी पक्षाचे सीताराम येचुरी यांचे काही शब्द आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांचा ‘मुस्लिम’ हा शब्द वगळावा लागला. मुख्यमंत्र्यांची आणि येचुरींची ही गत, तेथे भिलवडीच्या बाईंची काय कथा! क्रांतिसिंह नाना पाटील आज असते तर त्यांच्या गावरान भाषणातली किती मिनिटे शिल्लक राहिली असती, याचा मी हिशेब केला. केंद्राचे नाव आणि वेळ, एवढेच उरले असते. त्याच माणसाला या मुलखाने १९५७ साली लोकसभेत पाठविले होते.

कायदा मी शिकलेली नाही, पण वाचता येतो. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. १९९० च्या प्रसार भारती कायद्याने नागरिकांना मोकळी, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपण्याचे काम आकाशवाणी-दूरदर्शन चालविणाऱ्या प्रसार भारती महामंडळावर सोपविले, आणि श्रोत्यांच्या तक्रारींसाठी प्रसारण परिषदेची तरतूदही त्याच कायद्यात केली. ती परिषद कोठे भरते, तिला पत्र कोणत्या पत्त्यावर घालायचे, हे मी चार ठिकाणी विचारले. दोन ठिकाणी ‘कोणती परिषद?’ असा उलट प्रश्न आला, एके ठिकाणी मला नाट्य परिषदेचा क्रमांक देण्यात आला, आणि चौथ्या ठिकाणी दूरध्वनी वाजतच राहिला. आकाशवाणी ९९ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचते म्हणे. उलट दिशेने किती टक्के पोहोचते, हे कोणी मोजते का? वडील दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याचे पैसे भरीत आणि ते पुस्तक गादीखाली जपून ठेवीत. ‘सरकारचा रेडिओ’ असे ते कधी म्हणाले नाहीत, ‘आपला रेडिओ’ म्हणत.

मागणे फार नाही. माझ्या भाषणातील कोणते वाक्य संहितेच्या कोणत्या कलमाने आक्षेपार्ह ठरले, ते लेखी कळवावे. ते कळविता येत नसेल तर संपूर्ण भाषण त्याच वेळेला पुन्हा लावावे. नदीकाठच्या बायांविषयीच्या त्या वाक्याबद्दल केंद्राने दिलगिरी व्यक्त करावी, किंवा आमच्यातील दोघींना उत्तरासाठी बोलवावे. मी स्वतः येणार नाही, माझा घसा आता बरा नसतो. शेजारच्या काकू येतील. त्यांची संहिता मात्र आधी मिळणार नाही, कारण त्यांना लिहिता येत नाही.

आणखी एक. माझ्या खात्यात जमा झालेले मानधन पूर्ण दहा मिनिटांचे आहे. न वाजलेल्या चार मिनिटांचे पैसे कोणत्या कार्यालयाकडे आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली परत करावेत, तेही कृपया कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
भिलवडी, ता. पलूस, जि. सांगली