सिस्टर, ताप उतरल्यानंतरच्या दिवसांसाठी आभार

आदरणीय सिस्टर,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की साताऱ्यातल्या दवाखान्यांत एक ठराविक तक्रार सुरू होते. आधी डेंग्यू, त्यातून उठतोय तोवर टायफॉइड, मधेच घरभर सर्दी-खोकला. आता ताप नाही, प्लेटलेट्स भरल्यात, जेवणही जातंय, पण "अंगात त्राण नाही आणि छातीत सारखं धडधडतंय." यावर चिठ्ठीत लिहिण्यासारखं फार थोडं असतं. निवृत्तीनंतर तुम्ही गोडोलीपासून करंज्यापर्यंत अशा घरांत जाऊन जे शिकवता, त्यासाठी आम्ही या भागातले फॅमिली डॉक्टर हे पत्र लिहितोय. इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून ते जाहीरच लिहिलंय.

पहिले आभार सलाईनचे. "दोन बाटल्या लावा, ताकद येईल," हा हट्ट मोडणं सोपं नाही. तुम्ही वाद घालत नाही, बाटलीवरचं लेबल वाचायला लावता. पाच टक्के डेक्स्ट्रोज, 500 मिली, म्हणजे 25 ग्रॅम साखर, जेमतेम शंभर कॅलरी. एका भाकरीत याहून जास्त असतं आणि भाकरीला सुई टोचावी लागत नाही! उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं असेल तर सलाईन हवीच. नुसत्या थकव्याला तिचा उपयोग नाही.

दुसरं म्हणजे, तुम्ही कुणालाही लगेच "मनाचं आहे" म्हणत नाही. आधी कागद बघता. हिमोग्लोबिन बायकांत 12 आणि पुरुषांत 13 च्या खाली आहे का, थायरॉईडचं टीएसएच, साखर, आणि मांस-अंडी न खाणाऱ्यांत बी-12. खोकला दोन आठवड्यांवर गेला, रात्री घामाने कपडे भिजतायत, वजन उतरतंय, तर आधी टीबीसाठी थुंकी तपासून या, बाकी सगळं नंतर. आणि हे नॉर्मल आलं की थांबायचं. दर आठवड्याला तेच रिपोर्ट काढले की दोन दिवस बरं वाटतं, मग शंका परत उगवते, आणि प्रत्येक वेळी जरा लवकरच.

पण तुमचं खरं काम पुढे आहे, ते म्हणजे श्रमाचं माप. सातारकराला आपण बरे झालो हे अजिंक्यतारा चढून आल्याशिवाय पटत नाही. त्यात हिल मॅरेथॉनही याच दिवसांत, यवतेश्वरचा घाट धावून 21 किलोमीटर. जरा बरं वाटलं की रविवारी माणूस किल्ला चढतो, सोमवारी ठीक असतो आणि मंगळवारी अंथरुणाला खिळतो. श्रमाचा फटका एक-दोन दिवस उशिरा बसतो, म्हणून त्याचा संबंध रविवारशी कुणी जोडत नाही. "ताप उलटला" असं वाटून भीती मात्र वाढते. मग आठ दिवस पूर्ण झोपून राहायचं, स्नायू आणखी ढिले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा किल्ला.

तुमची वही हे चक्र तोडते. पहिला आठवडा फक्त नोंद: काय केलं, किती मिनिटं, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कसं वाटलं. त्यातून वाईट दिवशीही निभेल एवढं माप काढायचं. दहा मिनिटं चालल्यावर फटका बसत असेल तर सुरुवात पाच मिनिटांची, दिवसातून दोनदा, सपाट रस्त्यावर. चांगल्या दिवशीही तेवढंच, आणि सगळ्यात अवघड जातं ते हेच. आठवडाभर फटका नाही तर एक मिनिट वाढवायचं. बसला तर मागच्या मापावर परत. थोड्याशा श्रमानेही दर वेळी पडून राहावं लागत असेल, तर वाढवणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. "जोर लावला की जाईल" हा सल्ला अशा माणसाला घातक ठरतो.

घरकामही त्याच मापात. भाकऱ्या उभ्याने न थापता बसून, कपडे एका दिवशी, फरशी दुसऱ्या दिवशी, आणि दमण्याआधी विसावा, दमल्यावर नव्हे. आंघोळीबद्दल कुणी सांगत नाही, तुम्ही सांगता: कडकडीत पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यात बरेच दिवस झोपून राहिल्याने शरीरातलं रक्ताचं प्रमाण थोडं घटलेलं असतं, म्हणून मोरीत चक्कर येते. पाणी कोमट, बसायला स्टूल, कडी न लावता.

धडधडीचं मूळही बरंचसं इथेच आहे. झोपून उठल्यावर नाडी वाढणारच. तुम्ही ती आडवं असताना मोजता, मग उभं राहिल्यावर काही मिनिटांच्या अंतराने. दहा मिनिटं उभं राहूनही वाढ मिनिटाला तीस ठोक्यांच्या वर टिकली, तर आमच्याकडे पाठवता. तेवढी नसेल तर पाणी, जेवण आणि हळूहळू हालचाल.

आता भीतीचं. 2020-21 पासून घरोघरी कपाटात ऑक्सिमीटर आहे आणि तो चिंतेला खतपाणी घालतो. गार बोट किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकीचा कमी दिसतो. कमी दिसला की श्वास भराभर सुरू होतो, भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि मग बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. माणसाला वाटतं, आता संपलं. तुम्ही मोठा श्वास घ्यायला सांगत नाही. त्याने उलट वाढतं. नाकाने चार अंक मोजत सावकाश आत, सहा मोजत बाहेर, हात पोटावर, असं पाच मिनिटं. आणि हा सराव बरं असताना सकाळ-संध्याकाळ, कारण घाबरल्यावर नवीन काही शिकता येत नाही. लाट बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचून ओसरू लागते, हे कळलं तरी निम्मं काम होतं. मात्र पहिल्यांदाच छातीत दुखलं, हाताकडे-जबड्याकडे कळ गेली, तर श्वास मोजत बसू नका, 108 ला फोन करा, हेही तुम्ही त्याच दमात बजावता.

ऑक्सिमीटर शेजाऱ्यांकडे ठेवायला लावणं ही तर खास तुमचीच युक्ती! काळजीला रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं, कागद-पेन घेऊन. एरवी मनात आलं की "सहा वाजता बघू." अंथरुणात मात्र तो कागद न्यायचा नाही.

झोपेचं थोडक्यात: उठण्याची वेळ ठरलेली, दुपारची डुलकी तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत, दुपारनंतर चहा बंद. लोहाची गोळी असेल तर चहा आणि ती यांत किमान तासाभराचं अंतर, लिंबू चालतं.

घरच्यांशी तुम्ही जे बोलता, ते आम्हाला तपासणीच्या घाईत जमत नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग नाटकं कसली?" हे वाक्य सुनेला जास्त वेळा ऐकावं लागतं, मुलाला कमी. तुम्ही सासूबाईंच्याच हातात वही देता, आणि नोंद ठेवायला लागल्या की त्यांचा सूर बदलतो.

दोन आठवड्यांवर उदासी, झोप उडालेली, कशातच मन नाही, असं असेल तर तुम्ही मानसोपचाराचं नाव घ्यायला कचरत नाही. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, शेजारणीची झोपेची गोळी घ्यायची नाही, सुरू केलेली मनाने बंद करायची नाही, हे आधीच सांगून ठेवल्याने औषधं अर्ध्यावर सुटत नाहीत. जगणं नकोसं वाटतंय असा शब्द निघाला तर त्याच दिवशी डॉक्टर, माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

एक विनंती. तुमच्या वहीच्या पानाच्या प्रती काढून आमच्या दवाखान्यांत ठेवायची परवानगी द्याल का? "दुसऱ्या दिवशी" आणि "तिसऱ्या दिवशी" हे रकाने तेवढे मोठे करून घेतो. पेशंट तिथेच लिहायचा कंटाळा करतात.

आपले,
गोडोली-करंजे भागातले डॉक्टर, सातारा