न्हाणीतली कोळीण

खानापूर,
१८ जुलै

प्रिय सुऱ्या,

इकडं पावसानं नुसतं झोडपलंय. कपडे माळ्यावर वाळत घातलेत आणि लाइट मनाला येईल तेव्हा. परवा रात्री न्हाणीत मोबाइलचा उजेड मारला, तर हंड्यामागून एक कोळीण खेकड्यासारखी आडवी सरकली. पाय धरून माझ्या तळहाताएवढी असेल. मी खराटा उगारला आणि थांबलो. पोटाखाली तिनं पांढरी, चपटी टिकली धरली होती, रुपयाएवढी. अंड्यांची पिशवी!

आपण लहानपणी किती मारल्या रे, आठवतंय? शेजारच्या अक्का अजूनही कानडीत 'जेड! जेड!' म्हणजे 'कोळी! कोळी!' म्हणून बाहेर पळतात. चावली तर दुखतं म्हणे, पण जीव जात नाही. आणि खरं म्हणजे तीच आपल्याला भिते.

ही जाळं पसरून बसत नाही. कोपऱ्यातली कोळिष्टकं त्या काटकुळ्या पायांच्या कोळ्यांची, आपण हिच्यावर उगाच आळ घेतो. अंग चपटं, त्यामुळं दिवसा कौलाखाली, दाराच्या फटीत. रात्री भिंतीला चिकटून दबा धरते आणि झुरळ टप्प्यात आलं की झडप. आमचं झुरळांचं औषध संपून महिना झाला, अजून आणलेलं नाही.

प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७६७ मध्ये हिचं बारसं केलं, 'व्हेनाटोरिया', म्हणजे शिकारीण. मूळची आशियातली मानतात, पण जहाजांतून, केळ्यांच्या घडांत लपून ती पार अमेरिकेपर्यंत गेली. थंडी सोसत नाही, म्हणून तिथंही घराच्या आडोशालाच राहते. फुकटचा प्रवास लेका, आणि आपल्याला पुण्याची एसटी धरवत नाही!

काल आईनं माळ्याजवळ 'मेलेली' कोळीण दाखवली. हातात घेतली तर फुंकरीनं उडेल एवढी हलकी. नुसती कात! पाठीवरचं झाकण उघडलेलं, पायांवरची लव जशीच्या तशी. अंडी घेऊन फिरणारी काही कात टाकणार नाही, म्हणजे घरात आणखी एक आहे आणि ती अजून वाढतीय. हे मी आईला सांगितलेलं नाही. पिशवीत २००च्या वर पिल्लं असू शकतात, हे तर मुळीच नाही.

तरी तिला सुगावा लागलेला दिसतोय. आज सकाळपासून न्हाणीत जाण्याआधी दारावर दोन थापा मारते आणि जरा थांबून मग आत जाते.

गणपतीला येतोयस ना? कळव.

तुझा,
बाळू