पालकांनो, रविवारची मीटिंग चुकवू नका

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता शाळेतच शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे, समितीवर नाव नसलं तरी सगळ्या पालकांनी यायचंय. विषय एकच, पैसे. समग्र शिक्षा ह्या सरकारी शाळांसाठीच्या केंद्राच्या योजनेच्या नियमात शाळेला वर्षाचं अनुदान पटावर मिळतं, 30 पर्यंत मुलं असली तर 10 हजार, त्याच्या वर 100 पर्यंत 25 हजार. आता ह्याच पैशात खडू, रजिस्टरं, लाईट बिल, पाणी, बारीकसारीक दुरुस्ती सगळं बसवायचं आणि त्यातले निदान 10 टक्के स्वच्छतेवर घालायचे, म्हणजे गळणारं छप्पर ह्यातून होणार नाही हे उघडच आहे. पट कमी झाला की अनुदान कमी, पण छप्पर काही लहान होत नाही ना!

म्हणून छपराचं काम शाळा विकास आराखड्यात लिहून भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या भागातल्या शाळा बघणाऱ्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांकडे, द्यायचंय. हा आराखडा करणं आपल्याच समितीचं काम आहे, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं लिहिलंय, आणि समितीत 75 टक्के पालक असतात ते नुसते सह्या करायला नव्हे. ग्रामसभेतही विषय काढूया, पण आधी कागद तयार पाहिजे.

मोबाईलवर गळतीचे, संडासाच्या दाराचे फोटो असतील तर आजच इथे टाका. बायकांनी जरूर या, समितीत निम्म्या जागा तुमच्याच आहेत. वर्गणीचं कोणी विचारत होतं, ती सध्या नाही.