एकटे प्रोजेस्टेरॉन: कुठे उपयोगी, कुठे नाही

महोदय,

रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत अंडमोचन (अंडाशयातून अंडे बाहेर पडणे) अनियमित होते. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घटते, इस्ट्रोजेन हे दुसरे संप्रेरक मात्र कधी चढते, कधी कोसळते. म्हणून काही डॉक्टर इस्ट्रोजेनशिवाय, एकटे मायक्रोनाइज्ड (अतिसूक्ष्म कणांचे) प्रोजेस्टेरॉन देतात. अभ्यासांत रात्री ३०० मिलिग्रॅम वापरले गेले. झोप व रात्रीचा घाम यांत फरक जाणवला, दिवसाच्या गरम वाफांबाबत (अचानक अंगभर उष्णता जाणवणे) पुरावा कमकुवत आहे. योनीचा कोरडेपणा त्याने जात नाही.

गोळी झोपतानाच घ्यावी, कारण तिने गुंगी येते. सकाळी घेऊन गाडी चालवणे धोक्याचे. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असते, ॲलर्जी असल्यास घटक वाचा. हे गर्भनिरोधक नव्हे! अतिरक्तस्राव असेल तर आधी कारण तपासून घ्या, गोळी नंतर.

– एक वाचक