ग्रुपवर उत्तर जरा उशिरा येऊ द्या

संपादक महोदय,

बारावीची परीक्षा जवळ आली की घराघरात एकच वाद सुरू होतो. अभ्यासाचा व्हॉट्सॲप ग्रुप राहू द्यायचा, की मोबाइलच काढून घ्यायचा? मी सोलापूरच्या पूर्व भागात बारावी कॉमर्सला पुस्तपालन, म्हणजे व्यवसायाचे हिशेब लिहिणे, शिकवतो. माझ्याकडची काही मुले-मुली कॉलेज सुटले की युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात काजे-बटणाला बसतात. चार जणांत अभ्यास करायला त्यांना रात्रीचा ग्रुपच काय तो मिळतो. तो काढून घेऊन त्यांच्या हातात काय देणार?

अडचण वेगळीच आहे. धंद्यात नवा भागीदार आल्याचे उदाहरण टाकावे, तर एखादा चलाख पोरगा लगेच पुनर्मूल्यांकन खाते (मालमत्ता आणि देणी यांच्या बदललेल्या किमतींचा हिशेब) सोडवून फोटो टाकतो. मग ओळीने अंगठे आणि 'समजलं सर'. दुसऱ्या दिवशी त्यांनाच फळ्याशी उभे केले, की बुडीत कर्जाची तरतूद वाढली तर ती नावे (डेबिट) बाजूला की जमेला (क्रेडिट), इथेच घोडे अडते. दुसऱ्याचे उत्तर वाचताना सगळे ओळखीचे वाटते, इतकेच. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे प्रयोगाने दाखवले आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले.

म्हणून मी नऊला उदाहरण टाकतो आणि सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त ॲडमिन' करून ठेवतो. साडेनऊपर्यंत कुणालाच काही टाकता येत नाही. ज्याने त्याने वहीत सोडवायचे, चुकले तर चुकू दे. ग्रुप उघडला की जिथे अडलो त्या ओळीचा फोटो टाकायचा आणि का अडलो ते एका वाक्यात लिहायचे. नुसते 'ताळेबंद जुळेना' चालत नाही. पुढे व्हॉइस नोट सुरू होतात, त्याही त्यांच्या घरच्या तेलुगूत, मधूनमधून 'नावे', 'जमा'. मला त्यातले निम्मे कळत नाही! पण समजावणाऱ्याला आधी स्वतःचा गोंधळ निस्तरावा लागतो, हे मात्र दिसते. शेवटी फोन बाजूला ठेवून तेच उदाहरण कोऱ्या पानावर पुन्हा. हे कुणी केले, कुणी नाही, ते ग्रुपवर कळत नाही. वह्या तपासाव्याच लागतात.

रात्री-अपरात्री पीडीएफचे गठ्ठे ग्रुपवर ओतणाऱ्या शिक्षकांनी हा अर्धा तास पाळून बघावा. आणि एक विनंती आपल्यालाही. परीक्षेच्या दिवसांत सराव प्रश्न छापाल, तेव्हा उत्तरे त्याच पानावर देऊ नका, दोन दिवसांनी द्या. उत्तरे कुठे आहेत म्हणून मुले फोन करतील. करू द्या.

– एक खासगी शिकवणी शिक्षक, पूर्व भाग, सोलापूर