शिसं कुठे जातं ते दाखवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

नेमबाजीच्या रेंजवर तुमचे आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, चष्मा घाल आधी" म्हणून विषय संपवता. म्हणून हे चारचौघांत आणि लेखी. शिवाय तुम्ही जे सांगितलंत ते स्टीलच्या निशाण्यावर सराव सुरू करणाऱ्या कुणाच्याही उपयोगाचं आहे, ते माझ्यापाशीच राहणं बरं नव्हे.

निशाण्याची स्टीलची प्लेट टांगायला उचलून नेता येईल असा स्टँड घ्यायचा होता, तेव्हा माझे प्रश्न चारजणांसारखेच होते. वजन किती, घडी होते का, डिकीत मावतो का? तुम्ही ते ऐकून घेतलेत आणि उलट एकच विचारलंत: "गोळी लागल्यावर शिसं कुठे जाणार?" मग तुमच्या जुन्या स्टँडपाशी नेऊन दोन्ही बाजूंचे लाकडी पाय दाखवलेत. प्लेट जिथे लटकते नेमक्या त्या उंचीला लाकूड उंदराने कुरतडल्यासारखं खाल्लेलं होतं, आणि त्याच्या वर-खाली मात्र जवळपास शाबूत. फटींत करड्या शिशाच्या चपट्या ठिकऱ्या रुतून बसल्या होत्या. कठीण, सपाट प्लेटवर आपटलेली गोळी फुटते आणि तिचे तुकडे प्लेटच्या अंगालगत चहूबाजूंना पसरतात, हे मी ऐकून होतो. पण ते लाकडावर उमटलेलं पाहिल्यावर स्टँडकडे बघायची नजरच बदलली.

त्या नजरेने बघितलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात. प्लेट सरळ उभी धरणारा स्टँड नको, वरची कड नेमबाजाकडे झुकवणारा हवा, म्हणजे बहुतेक ठिकऱ्या खाली मातीत जातात. ही झुक तुम्ही किती सोप्या रीतीने आणता! प्लेट ज्यावर लटकते तो पट्टा प्लेटच्या मागच्या बाजूने बोल्टला अडकवायचा आणि मध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारा तुकडा, टाकायचा. प्लेट पुढे आणि टांगायची जागा मागे पडली की वजनानेच वरची कड पुढे येते, वेगळा स्क्रू पिळत बसावं लागत नाही. समोरून दिसतं ते फक्त कॅरेज बोल्टचं गोल, गुळगुळीत डोकं. नट, वॉशर, क्लॅम्प सगळं प्लेटच्या आड. तुम्ही अंगठ्याने प्लेट मागे ढकललीत आणि ती झुलून पुन्हा त्याच कोनात आली. गोळीचा धक्का झुलण्यात थोडा जिरतो, तेवढाच बोल्टवरचा ताण कमी.

पायांसाठी लाकूडच का, यावर आपला बराच वाद झाला होता. पाइपचे रंगवलेले घडीचे स्टँड दिसायला देखणे असतात, हे अजूनही माझं मत आहे. पण चुकलेली गोळी गोल पाइपला घासली तर ती कुठे उडेल, हे कुणीच सांगू शकत नाही. साधं लोखंड मऊ, त्यात खळगा पडतो, आणि खळग्यात शिरलेली गोळी वळून परत येऊ शकते. लाकडाचा पाय गोळी सोसतो, झिजतो, फुटला तर बदलता येतो. न्यायला फक्त पाय धरून ठेवणारे लोखंडी ब्रॅकेट आणि प्लेट, पायांच्या लाकडी पट्ट्या कुठेही कापून मिळतात. याहून सुटसुटीत काय असणार! फक्त ब्रॅकेट तिरप्या पत्र्याच्या आड किंवा गोळीच्या वाटेबाहेर हवेत, हे तुम्ही तीनदा बजावलंत.

प्लेटचं गणित तुम्ही फॅब्रिकेशनवाल्याच्या पद्धतीने समजावलंत. स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनी १९०० साली मांडलेली चाचणी: १० मिलिमीटर व्यासाचा कठीण गोळा ३,००० किलोच्या भाराने धातूवर दाबायचा आणि उमटलेला खळगा मोजायचा. साधं स्टील या मापावर १२०-१५० च्या आसपास, एआर ५०० नावाच्या, झीज सोसणाऱ्या कठीण स्टीलची प्लेट साधारण ५००. म्हणूनच कॉपर जॅकेटची, म्हणजे तांब्याचं आवरण असलेली गोळीही तिच्यावर चपटी होऊन फुटते. पण हा कठीणपणा उष्णतेने जातो. "प्लेटवर कडी वेल्ड केलेली दिसली की पाठ फिरवायची," हे तुमचं वाक्य मी आता इतरांना ऐकवतो. गॅस कटरने कापलेल्या कडाही मऊ पडतात, त्यापेक्षा वॉटरजेटने, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने कापलेली बरी. जाडी ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. अशी फूटभर चौकोनी प्लेट सुमारे ७ किलोंची भरते आणि १० इंची गोल पावणेचारच्या आसपास. मी गोल घेतली, कारण रेंजच्या दारापासून गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधापर्यंत ती मलाच न्यायची असते.

प्लेट पट्ट्याऐवजी साखळीने टांगू नये, या बाबतीत मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. साखळीने उंची पटकन बदलते, आणि लांबवरच्या रायफलच्या सरावात मला ती सोयीची वाटते. पण कडीला गोळी लागली की कडी तुटते आणि तिचा तुकडाही उडतो, हे खरं. तुमचा जुन्या कन्व्हेयर बेल्टचा पट्टा भोक पडलं तरी लटकत राहतो, म्हणून सध्या तरी पट्टाच लावला आहे.

अंतराचे नियम प्लेट बनवणारे लिहूनच देतात. पिस्तुलाला किमान १० यार्ड, रायफलला १०० यार्ड, म्हणजे अनुक्रमे ९ आणि ९१ मीटरच्या आसपास. आदळतानाचा वेग सेकंदाला ३,००० फुटांच्या खाली. स्टीलच्या गाभ्याची गोळी नाही, स्टीलचे बीबी (छर्रे) तर मुळीच नाहीत, ते फुटत नाहीत, सरळ परत येतात. चष्मा बघ्यांनाही. आणि नंतर हात धुणं, कारण प्लेट पुसताना बोटांना लागतं ते शिसंच.

तुम्हाला यातलं काही सांगायची गरज नव्हती. स्वतःचा सराव बाजूला ठेवून तुम्ही गुडघे टेकून बसलात, प्लेट उलटी करून मागचा बोल्ट दाखवलात, "पोचा पडून ताटासारखी झाली की उलटव आणि खळगा पडला की टाकून दे" असं सांगितलंत. माझ्या शेजारी उभ्या असणाऱ्यांच्या डोळ्यांची काळजी तुम्ही माझ्याआधी केलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

तुमच्या स्टँडचे पाय आता बदलायला झालेत. माप कळवा, माझ्या पट्ट्या कापायच्या आहेतच, त्यांच्यासोबत तुमच्याही कापून आणतो.

आपला,
शेजारच्या लेनमधला